शेवटचे प्रकरण नसलेली कादंबरी

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो, आणि मी चिडलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे जुन्या वस्तूंच्या तोंडून ऐकू येणाऱ्या त्या मवाळ सुस्काऱ्याची तुम्ही वाट पाहत बसणार नाही. वयाने मी फार मोठी नाही. पण माणसांसारखी पुस्तकेही एखाद्याच वर्षात म्हातारी होतात. माझे तसे झाले.

माझे नाव 'राखेच्या डोंगरावरच्या दोघी'. साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकेने मला लिहिले. शाळेत ती प्राणिशास्त्र शिकवत असे. दुपारी जेवणाची भांडी आवरली की ती लिहायला बसायची. माझ्यात दोन मुली आहेत. रुंजी चेटकिणीची लेक. तिला वाऱ्याची भाषा कळते. तमा गावच्या पाटलाची लेक. तिला जादूबिदू काही येत नाही, पोहता तेवढे येते. दोघी चोरून भेटतात आणि जिवाभावाच्या मैत्रिणी होतात. मग गावात रोगराई येते, आणि लोक रुंजीच्या आईला डोंगरावर फरफटत नेतात. त्या वेळी तमा जमावासमोर उभी राहते आणि म्हणते, "आधी मला चेटकीण म्हणा." तिचे भाषण चांगले दोन पानांचे आहे. ते वाचून पुष्कळ मुलींनी डोळे पुसले आहेत.

एवढ्यावर मला थांबवायला हवे होते. पण प्रकाशक म्हणाले, मुलांच्या पुस्तकाचा शेवट गोड हवा. मग लेखिकेने एका दुपारी एक प्रकरण जोडून दिले. त्यात सारे गाव रडते, चेटकिणीचे पाय धरते आणि शेवटी सगळे मिळून पुरणपोळी खातात. त्या प्रकरणाचा मला जन्मापासून राग आहे. पोटात न पचणारा घास घेऊन हिंडावे तसे मी ते वागवत होते.

पुण्याच्या एका छापखान्यात माझी पाने छापली गेली. घड्या घातल्या, गोंद लावला, यंत्राच्या पात्याखाली कडा कापल्या. मुखपृष्ठावर चित्रकाराने झाडूवर बसलेल्या दोन मुली काढल्या. माझ्या गोष्टीत झाडू नाही, मित्रांनो. सबंध गोष्टीत कुणी अंगण झाडतसुद्धा नाही. चित्रकाराने मला वाचलेच नव्हते. हा माझा पहिला अपमान. तेव्हा मला तो फार मोठा वाटला होता.

नाशिकच्या एका ग्रंथप्रदर्शनातून तारामती नावाच्या बाईंनी मला विकत घेतले. त्यांचा भाऊ जयंत विमा कंपनीत अधिकारी, आणि बदलीमुळे तो बायको-मुलीसह जयपूरला राहत होता. भाची सलोनी तिथेच वाढली. तिचे मराठी गंजू नये म्हणून आत्याने मला थालीपिठाच्या भाजणीच्या पिशवीबरोबर खोक्यात घालून पाठवले. माझ्या पाठीवर भाजणीचा एक तेलकट डाग पडला. तो अजून आहे.

बनी पार्कमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर ही मंडळी भाड्याने राहत होती. सलोनी तेव्हा चौदा वर्षांची होती. देवनागरी तिला हिंदीमुळे यायची, पण मराठी वाचताना ती दर ओळीला अडखळायची. 'काळी' ला 'काली' म्हणायची, 'डोळे' ला 'डोले'. तिची आई रमा स्वयंपाकघरातून ओरडून सुधारायची, आणि मग सलोनी मला मिटून ठेवायची. मी तशीच कपाटात पडून राहिले असते. कीर्तीमुळे मी उघडले गेले.

घराच्या फाटकासमोर एक कडुलिंब आहे. त्याखाली पार्वती नावाची बाई इस्त्रीचे टेबल लावून बसे. कोळशाची मोठी पितळी इस्त्री, शेजारी पाण्याचा डबा, दोरीवर टांगलेले शर्ट. कीर्ती तिची मुलगी, सलोनीच्याच वयाची. ती सरकारी शाळेत जायची आणि दुपारी येऊन आईला कपड्यांच्या घड्या घालू लागायची. एकदा सलोनी कपडे आणायला मला हातात घेऊनच खाली आली. कीर्तीने माझ्या मुखपृष्ठावरचे चित्र बघून विचारले, "ये क्या है, चुड़ैल की कहानी?"

"मराठी में है," सलोनी म्हणाली. "मुझसे ही ठीक से नहीं पढ़ी जाती."

कीर्तीने एक ओळ मोठ्याने वाचली. अर्थ तिला अर्धाच कळला, पण 'काळी' हा शब्द तिने असा स्वच्छ उच्चारला की सलोनी बघतच राहिली.

"इसमें क्या है," कीर्ती म्हणाली. "हमारी बोली में भी है. काळो. बादळ. जीभ ऐसे पीछे मोड़."

त्या दिवसापासून दोघी मला एकत्र वाचू लागल्या. सलोनी अर्थ सांगायची, कीर्ती ळ शिकवायची. टेबलाच्या कडेला बसून, कोळशाच्या उबेत, माझ्या पानांवर बोटे ठेवून. रमा वरून हाक मारायची, पार्वती खालून म्हणायची, "भाभीजी, पढ़ाई कर री है दोनों, रहने दो." माझ्या आयुष्यातला तो चांगला काळ होता. मी खोटे बोलणार नाही, त्या काळात मी चिडलेली नव्हते.

एक मे रोजी, महाराष्ट्र दिनाला, मराठी मंडळाचा कार्यक्रम झाला. आम्ही अजून अर्ध्यावरच होतो, पण सलोनीने पुढची पाने उघडून तमाचे भाषण पाठ केले होते; ते तिने व्यासपीठावरून म्हणून दाखवले. एकही ळ चुकला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडळाच्या कार्यवाह मधुमतीबाई समोरच्याच घरात राहायच्या. त्यांचा नवरा बँकेत अधिकारी. त्यांनी सलोनीला बक्षीस दिले आणि माईक हातात घेऊन म्हणाल्या, "मुलींनी अशीच धीट पुस्तके वाचली पाहिजेत. अन्यायासमोर उभे राहायला शिकले पाहिजे." मी सलोनीच्या हातात होते. मी ते शब्द नीट ऐकले आहेत. त्या बाईंनी ते विसरून जावेत आणि मी मात्र लक्षात ठेवावेत, ही कुठली रीत?

पावसाळ्यात आम्ही त्या पानावर आलो, जिथे गावकरी रुंजीच्या दारावर कोळशाने खुणा करतात. सलोनी वाचत होती. कीर्ती एकाएकी म्हणाली, "बस कर."

"क्यों, डर लगा?"

कीर्तीने आईकडे पाहिले. पार्वती पलीकडे एका गिऱ्हाइकाशी बोलत होती. मग कीर्ती हळू आवाजात म्हणाली, "मेरी माँ को भी गाँव में यही बोलते थे. डाकण."

डाकण म्हणजे चेटकीण, मित्रांनो. कीर्तीने सगळे सांगितले. त्यांचे गाव जयपूरजवळच्या चौमूंच्या पुढे. तिचे वडील तापाने गेले. पार्वतीने नवऱ्याच्या वाट्याची जमीन मागितली, तेव्हा तिचा दीर देवराम सगळीकडे सांगत सुटला की ही बाई नजर लावते, हिनेच नवऱ्याला खाल्ले. त्याची म्हैस मेली, तीही हिनेच मारली. मग कुणी तिच्या हातचे पाणी घेईना. विहिरीवर गेली की बायका पोरांना पदराखाली घ्यायच्या. एका सकाळी लोक दारात जमू लागले, तेव्हा पार्वती मुलीला घेऊन मागच्या बाजूने निघाली आणि जयपूरला आली. जमिनीचा दावा मात्र तिने सोडला नव्हता.

"किसी को मत बताना," कीर्ती म्हणाली. "यहाँ कोई नहीं जानता."

सलोनीने माझ्यावर हात ठेवला. "इस किताब की कसम."

आता माझ्या रागाचे कारण ऐका. आठवडाही गेला नसेल. सलोनी आईजवळ ओट्याशी उभी होती. तिचे मन भरून आले होते आणि ते तिला एकटीला पेलवत नव्हते, एवढे मी समजू शकते. ती म्हणाली, "आई, पार्वती आंटींना ना, मतलब, त्यांच्या गावाने डाकण बोलून निकाललं." रमाच्या डोळ्यांत पाणी आले. "बिचारी," ती म्हणाली. "कुणाला सांगू नकोस हं." आणि त्याच आठवड्यात मधुमतीबाई चहाला आल्या, तेव्हा तिने स्वतःच त्यांना सांगितले. "आपल्यातच ठेवा हं वहिनी. बिचारी फार सोसून आली आहे."

दया वाटली म्हणून मुलीने सांगितले, दया वाटली म्हणूनच आईने सांगितले. मी मेजावर पडून ऐकत होते. मला हात असते, तर मी दोघींच्या तोंडावर ठेवले असते.

मधुमतीबाईंचा मुलगा अथर्व तीन वर्षांचा. ऑगस्टमध्ये तो फाटकाच्या पायरीवरून घसरून पडला, तेव्हा पार्वतीने धावत जाऊन त्याला उचलले, पाठीवरून हात फिरवला आणि आईकडे नेऊन दिला. दोन दिवसांनी अथर्वला ताप चढला. दवाखान्यात ठेवावे लागले. रक्त तपासले, डेंगू निघाला. त्या महिन्यात अर्ध्या कॉलनीला डेंगू झाला होता. अथर्व बरा होऊन घरी आला, गॅलरीत उभा राहून कावळ्यांना बिस्किटे टाकू लागला.

आणि मधुमतीबाई रमाकडे येऊन बसल्या.

"मी असलं काही मानत नाही, तुला माहितीच आहे," त्या म्हणाल्या. "पण हिनं उचललं आणि दोनच दिवसांत ताप. आमचा दूधवाला चौमूंकडचाच आहे. त्याला सहज विचारलं. तो म्हणाला, मैडमजी, उस औरत से बच के रहना. आता बोल."

"अहो, डेंगू होता ना," रमा म्हणाली.

"होता ना. मी कुठे नाही म्हणते? पण सावध राहायला काय जातं? लहान मूल आहे घरात."

रमाने कपबश्या गोळा केल्या. 'मी असलं काही मानत नाही, पण.' मित्रांनो, माझ्यात अडीचशे पाने आहेत आणि हजारो शब्द आहेत. त्या एवढ्याशा 'पण'ने त्या दिवशी जे केले, ते माझ्या कुठल्याही चेटकिणीला जमले नसते.

पुढे गणपती आले. बनी पार्कातली मराठी घरे मधुमतीबाईंकडे आरतीला जमायची. पार्वतीलाही दर वर्षी बोलावणे असे, कारण मखराच्या पडद्यांना इस्त्री तीच करून द्यायची आणि त्याचे काही घ्यायची नाही. यंदा पडदे तिच्याकडे आले नाहीत. तरी ती आली. कोरी ओढणी घेऊन, कीर्तीला बरोबर घेऊन आली आणि दाराशी उभी राहिली. मी त्या दिवसांत कीर्तीकडे होते. सलोनीला परत द्यायला तिने मला आणले होते. म्हणजे त्या संध्याकाळी मी कीर्तीच्या हातात होते, आणि जे झाले ते मी तिच्या हातांतून पाहिले.

आरती झाली. मधुमतीबाई तबक घेऊन एकेकापुढे आल्या. दाराशी आल्यावर तबक बाजूला वळले. त्या हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या, "पार्वती, तुम जरा बाहर रुको हाँ. यहाँ बच्चे हैं. प्रसाद भिजवा देती हूँ."

खोलीत पंचवीस माणसे असतील. सगळ्यांनी ऐकले. रमा आपल्या साडीची निरी नीट करू लागली. जयंत मोबाइल पाहू लागले. अथर्व मोदक खात खाली लोळत होता, ठणठणीत.

प्रसादाचे ताट सलोनीच्या हातात होते. ती एकेकाला मोदक देत दारापर्यंत आली. कीर्ती तिच्याकडे पाहत होती. सलोनीला तमाचे भाषण तोंडपाठ होते, प्रत्येक ळसकट. तिने एकदा मधुमती काकूंकडे पाहिले, एकदा आईकडे पाहिले, आणि ताट घेऊन ती वळली. आत निघून गेली.

कीर्तीची बोटे माझ्या कडेत रुतली. पार्वतीने तिच्या खांद्याला धरले. "चाल, घरां चाल," ती म्हणाली. बस, एवढेच. मायलेकी जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वती इस्त्रीत कोळसे पेटवत होती. कीर्तीने मला टेबलावर उघडे टाकले, शेवटचे प्रकरण दोन्ही हातांनी धरले आणि ओढले. गोंद तुटला. ती पाने तिने इस्त्रीच्या पोटात कोंबली. सारे गाव पाय धरते ते पान, पुरणपोळ्यांचे पान, सगळे भडकन पेटले.

"अरी, किताब छै," पार्वती म्हणाली. "विद्या नै बाळै छै कोई?" विद्या कुणी जाळते का, असे तिचे म्हणणे.

"झूठ छै," कीर्ती म्हणाली. "सारी झूठ."

सलोनी शाळेला निघाली, तेव्हा कीर्तीने फाटकावरून मला तिच्या हातात दिले. "ले. पूरी हो गई."

मला दुखले. पाठीपासून पाने तुटली की दुखते. तरी कीर्तीवर मी कधीच रागावले नाही. जे प्रकरण छापायलाच नको होते, ते तिने काढून टाकले. मी रागावले ती मला छातीशी धरून शाळेच्या बसमध्ये मुसमुसणाऱ्या मुलीवर. रडायला काय लागते? माझ्यावर रडलेल्या मुलींचे पाणी गोळा केले असते तर एक डोह भरला असता. त्यातली एकही ताट पुढे करणार नसेल, तर तो डोह काय कामाचा?

इकडे इस्त्रीच्या टेबलावर कपडे कमी येऊ लागले. कुणी कारण सांगत नव्हते. "आजकल घर पे ही कर लेते हैं," एवढेच. आणि दूधवाला रोज चौमूंच्या बाजूला जात होता. डाकणीला शहरातही लोकांनी ओळखले, हे त्याने तिकडे पोचवले. देवरामला तेच हवे होते. दाव्याची तारीख जवळ आली होती.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी तो दोन माणसे घेऊन आला. सलोनी गॅलरीत बसली होती. गणपतीनंतर प्रथमच तिने मला उघडले होते, आणि जिथून पाने तुटली तिथे ती नुसते बोट फिरवत होती. खालून मोठा आवाज आला.

"डाकण, अब सहर का टाबर भी खावैगी?"

टाबर म्हणजे लेकरू. देवरामने टेबलाला लाथ घातली. इस्त्री उलटी पडली, निखारे घड्या घातलेल्या कपड्यांवर सांडले. पार्वती ते हातांनी झटकू लागली, तेव्हा तिचा तळवा भाजला. एकाने तिची वेणी धरली. कीर्ती त्याच्या दंडाला लोंबकळली, त्याने तिला ढकलून दिले. ती पुन्हा उठली.

गॅलऱ्या भरल्या. सगळे पाहत होते. देवरामने समोर बोट दाखवले. मधुमतीबाई आपल्या गॅलरीत उभ्या होत्या. "इन मैडमजी से पूछ लो," तो ओरडला. "इनका टाबर बीमार पड़ा कि नहीं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. एक वाक्य पुरले असते. नाही, असे काही नाही. एवढेच. मधुमतीबाई आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतले. कडी लागल्याचा आवाज मी आमच्या गॅलरीतून ऐकला.

तेवढ्यात मी खाली पडले. सलोनीने मला टाकले होते. माझ्यावरच पाय देऊन ती धावली. गजांच्या फटीतून मी तिला फाटकाबाहेर जाताना पाहिले, अनवाणी. ती पार्वतीच्या आणि त्या माणसाच्या मध्ये घुसली. मला वाटले, आता ती तमाचे भाषण म्हणेल. मी वाट पाहत होते.

तिला एक शब्द आठवला नाही. तिचा आवाज चिरकला होता. ती म्हणाली, "अथर्व को डेंगू था. डेंगू. मच्छर से होता है."

देवराम हसला. "तू कौन?"

"मैं कीर्ती की..." सलोनी थांबली. कीर्ती तिथेच होती, गुडघा फुटलेला, तिच्याकडे पाहत होती. सलोनीने मान खाली घातली. "मैं ऊपर रहती हूँ," ती म्हणाली. पण ती हलली नाही. त्या माणसाने तिला बाजूला सारले, तर ती पुन्हा तिथेच येऊन उभी राहिली. त्याने वेणी सोडेपर्यंत ती त्याच्या मनगटाला नखे रुतवून होती.

माझ्या दोन पानांच्या भाषणापेक्षा ते वाईट होते आणि मला ते फार बरे वाटले.

मग रमा खाली आली. तिच्या हातात फोन होता. ती म्हणाली, "पुलिस आ रही है. किसी औरत को डाकण कहना इस राज्य में जुर्म है. मैंने तुम्हारा वीडियो लिया है." तिने खरोखर फोन केला होता, खरोखर चित्रण केले होते. तिला हे ठाऊक होते, मित्रांनो. कायदा ठाऊक होता. गणपतीच्या संध्याकाळीही तो तिला ठाऊकच होता. देवराम आणि त्याची माणसे गाडीत बसून निघून गेली. तोवर गॅलऱ्या रिकाम्या झाल्या होत्या.

जबाब द्यायला ठाण्यात जायचे होते. जयंत धावत ऑफिसातून आले होते. ते म्हणाले, "सलोनीला कशाला न्यायचं? व्हिडिओ आहे ना? दोन वर्षांत आपली बदली होईल. परक्या गावात वैर कशाला घ्यायचं?"

"बाबा, गोष्ट माझ्यामुळे बाहेर गेली," सलोनी म्हणाली. "मी आईला बोलले."

"आणि मी वहिनींना," रमा म्हणाली.

 जयंतांनी गाडीची किल्ली घेतली. सलोनीने का कोण जाणे, गॅलरीतून मला उचलले आणि पिशवीत टाकले. तिच्या पावलाचा ठसा माझ्या पानावर होता.

ठाण्यातल्या बाकावर दोघी मुली बसल्या. मधे पिशवी, पिशवीत मी. आत पार्वतीच्या हाताला मलम लावत होते.  सलोनी म्हणाली, "कीर्ती, माफ़..."

"मत माँग," कीर्ती म्हणाली. "माँगेगी तो माफ़ करना पड़ेगा. मेरे से अभी नहीं होता."

सलोनीने मान हलवली. महिला हवालदार जबाब लिहून घेत होती. तिने विचारले की या लोकांना इथला पत्ता कसा मिळाला, डाकण हा शब्द कॉलनीत कुणी आणला. सलोनीने सगळे सांगितले. आधी स्वतःचे नाव, मग आईचे, मग मधुमती काकूंचे आणि दूधवाल्याचे. रमाने प्रत्येक वाक्याला होकार भरला.  जयंत भिंतीकडे पाहत उभे होते, पण त्यांनी कुणाला अडवले नाही.

यानंतर कुणी कुणाचे पाय धरले नाहीत. देवराम जामिनावर सुटला. खटला चालू आहे, जमिनीचा दावाही चालू आहे. मधुमतीबाईंनी रमाशी बोलणे सोडले. मंडळात त्या सांगतात, "माझ्या लहान मुलाचं नाव पोलिसांत नेलं या लोकांनी." पुष्कळांना ते पटते. त्यांच्या भाषणांना अजूनही टाळ्या पडतात.

पार्वतीने बनी पार्क सोडले. ती आता गोपालपुऱ्यात हॉस्टेलांच्या गल्लीत इस्त्री करते. क्लासच्या मुलांचे शर्ट भरपूर असतात. भाजलेल्या तळव्यावर कातडी आखडली आहे, त्यामुळे इस्त्री ती डाव्या हाताने धरते. सलोनी सुट्टीच्या दिवशी बसने तिथे जाते. पार्वती तिला चहा देते. सलोनी घड्या घालू लागते. कीर्ती सुरुवातीला उठून निघून जायची. हल्ली ती तिथेच बसून अभ्यास करते. मध्ये एकदा ती वर न बघता म्हणाली, "कॉलर ऐसे नहीं मोड़ते," आणि शर्ट सलोनीच्या हातून घेऊन तिने नीट दुमडून दाखवला. दोघी अजून मैत्रिणी झालेल्या नाहीत. होतील की नाही, मला ठाऊक नाही. तसे प्रकरण माझ्यात नाही.

मी सलोनीच्या कपाटात असते. परवा घरी आलेल्या एका पाहुण्या बाईंनी मला चाळले. "अरेरे," त्या म्हणाल्या, "एवढं छान पुस्तक, आणि शेवटच फाटलेला. शिवाय पानावर पाय दिलेला. मुलं हल्ली वस्तू जपतच नाहीत."

मित्रांनो, अशा वेळी जुन्या पुस्तकाने तुम्हाला हात जोडून सांगायचे असते की मला जपा, कोपरे दुमडू नका, कव्हर घाला. मी तसे सांगणार नाही. माझ्यावर चहा सांडा. माझी पाने फाडून चूल पेटवा. मला त्याचे काही वाटणार नाही. पण तुमच्या गल्लीत, तुमच्या शाळेत, तुमच्या घरच्या आरतीत कुणा एकाला दाराबाहेर थांबवले जाईल, आणि तुम्ही त्या वेळी मला हातात धरून डोळे पुसत बसाल, तर मला तुमचा राग येईल. पान संपेपर्यंत थांबू नका. खूण घालत बसू नका. मला टाका, लागलेच तर माझ्यावर पाय द्या, आणि खाली उतरा.